तारीख कुठल्या गावची? घटस्फोटाचा दावा 'वर्ग' करण्याचा इतिहास

घटस्फोट म्हटलं की आपण लगेच कारणं विचारतो. चूक कोणाची, घर कोणी सोडलं, पोटगी किती ठरली. आज मी त्याच्याही आधीच्या एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे. सिरियलमध्ये तो फारसा दिसत नाही, पण समन्स हातात पडलं की घरात पहिला तोच निघतो : तारीख कुठल्या गावची?

दावा कुठल्या कोर्टात चालणार यावर प्रवास किती, खर्च किती, रजा किती आणि लहान पोराला कोणाकडे ठेवायचं, हे सगळं ठरतं. कित्येकदा माणूस दावा लढणार की सोडून देणार, हेसुद्धा त्यावरच ठरतं. एका कोर्टातला दावा दुसऱ्या कोर्टात नेण्याला आपल्याकडे 'दावा वर्ग करणे' म्हणतात. वकील मंडळी 'ट्रान्सफर' म्हणतात. दिसायला चार-पाच पानांचा अर्ज, पण त्यामागे दीडशे वर्षांची गोष्ट आहे. ती समजून घ्यायला आपण सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात उभं राहू.

श्रीपूरहून नकाशा बघा

श्रीपूर माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या जवळ. १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी काढली, आणि तिच्या साखर कारखान्याभोवती हे गाव वाढलं. आज इथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे आणि कारभार महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत बघते. उसाचा पट्टा. शिकलेली पोरं-पोरी पुण्या-मुंबईकडे जातात, सोयरिकीही तिकडे जुळतात.

आता समजा, श्रीपूरची एक मुलगी आहे. नाव तुम्हाला हवं ते ठेवा, ही आपली कल्पनेतली मुलगी. लग्नानंतर संसार मुंबईत. पुढे बिनसलं आणि दोन वर्षांच्या मुलाला घेऊन ती माहेरी आली. काही महिन्यांनी नवऱ्याने वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला. समन्स श्रीपूरला आलं. तारीख अमुक, सकाळी हजर राहा.

श्रीपूर ते मुंबई तीनशे किलोमीटरहून जास्त. आदल्या रात्री एसटी धरायची, सोबत वडील किंवा भाऊ, कडेवर पोर. कोर्टात पोहोचल्यावर कळतं की साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख महिन्याने. आणि गेलंच नाही तर? मग दावा एकतर्फी चालू शकतो. तिचं म्हणणं न ऐकताच हुकूमनामा होऊ शकतो.

नवऱ्याने यात काही बेकायदा केलं का? अजिबात नाही. दोघं शेवटी एकत्र जिथे राहिली, तिथल्या कोर्टात जायचा त्याला हक्क आहे. म्हणजे गडबड माणसात नाही, नियमात आहे. तो नियम कुठून आला?

काडीमोड ते कोर्ट

एक गोष्ट आधी लक्षात घेऊ. 'हिंदूंमध्ये घटस्फोट नव्हताच' असं आपण सरसकट बोलतो, ते खरं नाही. महाराष्ट्रातल्या अनेक जातींमध्ये काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट लावण्याची चाल होती. निवाडा जातपंचायत करायची. त्यात बाईला न्याय मिळायचाच असं मुळीच नाही, पण पंचायत बसायची गावात किंवा पंचक्रोशीत. तारखेसाठी तीनशे किलोमीटर जायचा प्रश्न नव्हता.

इंग्रजी अमलात कोर्टं आली आणि पंचायतीचा अधिकार आक्रसत गेला. १८७६ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका खटल्यात स्पष्ट सांगितलं की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्न करायला परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. जातीच्या परवानगीने दुसरं लग्न केलेली बाई कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरू शकत होती. जात म्हणते चालेल, कोर्ट म्हणतं चालणार नाही, आणि मध्ये उभी ती.

पुढे काही संस्थानांनी पाऊल उचललं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात तो यायला १९४७ साल उजाडलं. आता गंमत बघा. माळशिरस तालुका ब्रिटिश सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई प्रांतात. शेजारचं फलटण मात्र वेगळं संस्थान. प्रांताचा कायदा संस्थानात चालत नव्हता. मार्च १९४८ मध्ये फलटण मुंबई प्रांतात विलीन झालं, तोपर्यंत नातेपुत्याच्या पलीकडे गेलं की घटस्फोटाचा कायदाच बदलायचा! मुलगी कुठल्या गावात दिली यावर तिचे हक्क ठरत होते.

ही एक ओळ धरून ठेवा. सीमा पुढे पुसल्या गेल्या, कायदा एक झाला, पण 'कुठल्या गावात' हा प्रश्न काही गेला नाही.

१९५५ : तीन पर्याय, माहेर कशातच नाही

१९५५ चा हिंदू विवाह कायदा आला आणि देशभरातल्या हिंदूंना घटस्फोटाचा हक्क मिळाला. जातीतली काडीमोडीची रूढीही या कायद्याने मोडीत काढली नाही. कलम २९ मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे. पण कोर्टात जायचं तर कुठल्या कोर्टात, हे कलम १९ ने ठरवलं. लग्न जिथे लागलं तिथे, नवरा-बायको जिथे राहतात तिथे, किंवा शेवटी एकत्र जिथे राहिले तिथे.

वाचायला हे अगदी समतोल वाटतं. पण आपल्याकडे लग्नानंतर घर कोण सोडतं? मुलगी. आणि संसार मोडल्यावर एकत्र राहिलेलं घर कोण सोडतं? बहुतेक वेळा तीच. त्यामुळे 'शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण' याचा व्यवहारातला अर्थ होतो नवऱ्याचं गाव. ती माहेरी परत आली की कायद्याच्या हिशेबात ती जिथे आहे, ते ठिकाण कुठेच मोजलं जात नव्हतं. लग्न मुलीच्या दारात लागलं असेल तर एक आधार. म्हणून वकील आधी लग्नपत्रिका मागतात. कार्यालयाचा पत्ता हा कोर्टाचा पत्ता ठरू शकतो!

१९७६ : दिल्लीला एक दार

एका राज्यात दावा वर्ग करायची सोय जुनीच होती. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या कलम २४ प्रमाणे जिल्हा न्यायालय आपल्या हाताखालच्या कोर्टांमधले दावे हलवू शकतं, आणि जिल्ह्याबाहेर न्यायचा असेल तर हायकोर्टात जायचं. पण नवरा हैदराबादला आणि बायको श्रीपूरला असेल तर? १९७६ मध्ये कलम २५ बदललं आणि एका राज्यातला दिवाणी दावा दुसऱ्या राज्यात पाठवण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टाला मिळाला.

त्याच वर्षी हिंदू विवाह कायद्यात कलम २१-अ घालण्यात आलं. नवऱ्याने एका जिल्ह्यात आणि बायकोने दुसऱ्या जिल्ह्यात घटस्फोटाचा अर्ज केला असेल, तर नंतरचा अर्ज आधीच्या कोर्टात जायचा. म्हणजे जो आधी पोहोचला त्याचं मैदान. मग नवरे म्हणू लागले की लग्नाच्या दाव्यांना हाच नियम, सुप्रीम कोर्टाने मध्ये पडायचं कारण नाही. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं. न्यायासाठी गरज असेल तर कलम २५ इथेही लागू आहे, असं ठरलं. आज राज्याबाहेरच्या कोर्टातून आपला दावा महाराष्ट्रात आणू पाहणारी प्रत्येक बाई त्या निकालाच्या खांद्यावर उभी आहे.

इथे एक फरक सांगतो. १९७८ मध्ये मेनका गांधींनी मुंबईत त्यांच्यावर चाललेला बदनामीचा फौजदारी खटला दिल्लीला न्यावा म्हणून सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता. कोर्टाने नकार दिला. खटला निष्पक्ष चालेल की नाही हा मुख्य प्रश्न, एका बाजूची थोडीफार गैरसोय हे पुरेसं कारण नाही, असा तो सूर होता. लग्नाच्या दाव्यांत मात्र कोर्टं हळूहळू वेगळ्या निष्कर्षावर आली. कारण इथे गैरसोय हाच अन्याय ठरू शकतो. जी तारखेला पोहोचूच शकत नाही, तिच्यासाठी सुनावणी कितीही निष्पक्ष असली तरी काय उपयोग?

कौटुंबिक न्यायालयाचं कोडं

१९८४ मध्ये कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. राज्यातलं पहिलं कौटुंबिक न्यायालय १९८९ मध्ये पुण्यात सुरू झालं, त्याच वर्षी मुंबईतही. कल्पना चांगली होती. घरची भांडणं काळ्या कोटांच्या गर्दीत नकोत. आधी समुपदेशक बोलेल, तडजोड होते का बघेल. वकील हा हक्क म्हणून नाही, कोर्टाने परवानगी दिली तर. माणसाने स्वतः यावं, स्वतः बोलावं.

आणि इथेच कोडं आहे. साध्या दिवाणी दाव्यात वकील उभा राहिला की पक्षकाराला प्रत्येक तारखेला जावं लागत नाही. इथे समुपदेशनाला, समेटाच्या बोलणीला स्वतःच जावं लागतं. म्हणजे कोर्ट जितकं माणुसकीचं केलं, तितका लांबून येणाऱ्याचा प्रवास अटळ झाला. जवळ राहणाऱ्याला सोय, दूरच्याला फेऱ्या.

शिवाय कायद्याने ही न्यायालयं आधी दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी सांगितली, बाकी ठिकाणी सरकारला गरज वाटेल तशी. आपल्या जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय आहे ते सोलापूर शहरात, श्रीपूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास. तालुक्यातल्या माणसाचा घटस्फोटाचा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांसमोर चालतो. म्हणून 'वांद्र्याहून दावा माझ्याकडे द्या' असं म्हणताना तो नेमका कुठे मागायचा, हेही अर्जात नीट लिहावं लागतं.

२००३ : माहेर मोजलं गेलं, पण अर्धंच

डिसेंबर २००३ मध्ये कलम १९ मध्ये एक छोटं पोटकलम आलं : बायको अर्जदार असेल, तर ती जिथे राहते तिथल्या कोर्टात तिला अर्ज करता येईल. स्पेशल मॅरेज ॲक्टमध्येही तसाच बदल झाला. ४८ वर्षांनी माहेरचं गाव कायद्याच्या नकाशावर आलं.

पण शब्द नीट वाचा. बायको *अर्जदार* असेल तर. तिने आधी दार ठोठावलं तर कोर्ट तिच्या जवळचं. नवऱ्याने आधी अर्ज केला, तर ती जाबदार, आणि मग तिच्या गावाला आपोआप काही किंमत नाही. तिने अर्ज करायचा, कारणं द्यायची, आणि कोर्टाला पटलं तर दावा येणार. आपल्या कल्पनेतल्या मुलीची अडचण नेमकी इथे आहे. घर सावरेल या आशेने जी थांबते, ती मागे पडते. जी आधी कोर्टात जाते तिला हक्क, आणि जी वाट बघते तिला विनंती.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचं सार हेच आहे. घटस्फोटाचा हक्क १९५५ ला मिळाला, पण त्या हक्कापर्यंत पोहोचायचं भाडं कोणी भरायचं, हा हिशेब कायद्याने अर्धवट ठेवला. दावा वर्ग करण्याचा अर्ज म्हणजे तो उरलेला हिशेब.

विचित्र बघा, याच बाईची पोटगी मात्र ती राहते त्या जिल्ह्यात मागता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर ती तात्पुरती राहते तिथेही अर्ज चालतो. छळाच्या फौजदारी तक्रारीबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की छळामुळे ती माहेरी आली असेल, तर तिथेही खटला चालू शकतो. म्हणजे एकाच नवरा-बायकोची पोटगी माळशिरसला आणि घटस्फोट वांद्र्याला, असं होऊ शकतं.

कोर्टाचा झोका

मग कोर्टं काय करतात? सुरुवातीला बायकांच्या अर्जांकडे सहानुभूतीने बघितलं गेलं. पुढे सुप्रीम कोर्टाने लगाम ओढला. एका निकालात म्हटलं की प्रत्येक कोर्टापुढे अशा दिवशी सरासरी दहा-पंधरा ट्रान्सफर अर्ज असतात, सवलतीचा गैरफायदा घेतला जातोय, प्रत्येक अर्ज त्याच्या गुणांवर बघू. त्या प्रकरणात दावा हलवला नाही, पण बायकोचा आणि तिच्या सोबत्याचा प्रवासाचा व राहण्याचा खर्च नवऱ्यावर टाकला.

२०१७ मध्ये झोका आणखी लांब गेला. मार्चमध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं, दावे हलवण्यापेक्षा व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरा. या पीठावर उदय लळित होते. त्यांच्या आजोबांची वकिली सोलापुरातली. पण ऑक्टोबरमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने ते मागे घेतलं. बहुमताचं म्हणणं असं की समेटाच्या बोलणीला समोरासमोर बसणं लागतं, घरातली दुःखं बंद दाराआड बोलायची असतात. समेट फसला आणि दोघांनी मिळून मागितलं, तरच व्हिडिओ. विरोधी मत होतं धनंजय चंद्रचूड यांचं. तंत्रज्ञानाने बाईची सोयच होईल, असं ते म्हणाले. दोन्ही बाजूंनी बाईच्याच भल्याची भाषा, आणि निष्कर्ष उलटे! पुढे कोविड आला आणि ऑनलाइन सुनावणी सगळ्यांच्याच अंगवळणी पडली.

जुलै २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने वेल्लोरचा एक दावा चेन्नईला वर्ग करताना तत्त्व पुन्हा मांडलं. दोघांची आर्थिक स्थिती, राहणीमान, कोण कोणाच्या आधारावर जगतंय हे बघा, आणि आपल्या समाजाची घडी लक्षात घेता साधारणपणे बायकोची सोय बघावी लागते. 'साधारणपणे' हा शब्द महत्त्वाचा. नवऱ्यालाही बोलायचा हक्क आहे. त्याचे आई-वडील अंथरुणाला खिळलेले असतील, बायको चांगल्या पगाराची असेल, मूल त्याच्याकडे असेल, तर कोर्ट तेही तोलतं.

अर्ज किती? नोव्हेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सांगितलं की लग्नाच्या वादातले सुमारे ३,००० ट्रान्सफर अर्ज एकट्या सुप्रीम कोर्टात पडून आहेत, आणि रोज प्रत्येक पीठ असे दहा अर्ज घेईल. देशातलं सर्वोच्च न्यायालय 'तारीख कुठल्या गावची' यावर एवढा वेळ घालवतंय! कधी कधी तर दावा हलवायला आलेलं जोडपं तिथेच तडजोड करून मोकळं होतं. मे २०२३ मध्ये घटनापीठाने निकाल दिला की सुप्रीम कोर्ट कलम १४२ खाली थेट घटस्फोट देऊ शकतं. तो निकालही एका ट्रान्सफर अर्जातूनच आला.

कोल्हापूरची नवी वाट

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे. सोलापूरच्या माणसाला हायकोर्ट म्हणजे मुंबई. म्हणजे मुंबईची फेरी नको म्हणून अर्ज करायचा, तर त्यासाठीही वकील गाठायचा मुंबईतच! कोल्हापूरला खंडपीठ व्हावं म्हणून इकडच्या जिल्ह्यांतल्या वकिलांनी कित्येक दशकं आंदोलन केलं. अखेर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आले. श्रीपूरहून कोल्हापूर दोनशे किलोमीटरच्या घरात. जवळ नाहीच, पण मुंबईच्या मानाने पुष्कळ कमी.

ऐकणाऱ्यांपैकी कोणाला गरज असेल तर

समन्स आलं तर घरात लपवून ठेवू नका आणि 'बघू पुढे' म्हणू नका. दावा वर्ग करायचा अर्ज केला म्हणून मूळ दावा आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. तोपर्यंतच्या तारखेला वकिलामार्फत तरी हजर राहायला हवं.

अर्जात 'मला त्रास होतो' एवढं लिहून भागत नाही. मुलाचं वय आणि शाळा, स्वतःचं उत्पन्न, अंतर, सोबतीला कोण आहे, जिवाला धोका असेल तर त्याची तक्रार, माहेरच्या गावी आधीच चालू असलेले दावे, हे कागदानिशी दाखवावं लागतं. दावा हलला नाही तरी प्रवासखर्च मागता येतो, दावा लढायचा खर्च कलम २४ खाली मागता येतो.

आणि पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे जाऊन विचारा.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. कोर्टाच्या फेऱ्यांसाठी काही ती योजना काढलेली नाही, पण तारखेला निघालेल्या कितीतरी जणींचं अर्धं भाडं तिने वाचवलं असणार. उरलेलं अर्धं भाडं, बुडालेली मजुरी आणि बरोबर आलेल्या बापाचा दिवस, हे अजून ज्याचं त्यालाच भरावं लागतं. पुढची दुरुस्ती करायला संसदेला एकच वाक्य पुरेल : बायको अर्जदार असो वा जाबदार, ती राहते ते गाव मोजा. त्यावर वाद होऊ शकतो, नवऱ्यांच्या बाजूनेही बोलता येईल, आणि बोलावंच. तुमचं मत काय, ते जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!